तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजचं दार उघडलं की आत दिवा लागायचा. तो लागू नये म्हणून उल्हासने गेल्या रविवारीच बल्ब काढून खिळ्यांच्या डब्यात टाकून दिला होता. साखर दोनशेच्या पुढे गेलेल्या माणसाला लेकीच्या लग्नाच्या लाडवापर्यंत पोहोचायचं तर एवढी पूर्वतयारी लागतेच. रविवार, पहाटेचे साडेपाच. बायको वीणा झोपलेली, लेक उत्तराही. थोरल्या बहिणीच्या, सरलाताईच्या बाथरूममधून बादलीचा आवाज येत होता. कोरेगावहून इथे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला येऊन दोन महिने झाले तरी शॉवरवर तिचा विश्वास बसला नव्हता. उल्हासने अंधारात हात घातला, दुसऱ्या कप्प्यातला डबा चाचपला, लाडू उचलून तोंडाजवळ नेला, आणि मागून आवाज आला.

कुर्रम.

उल्हासने दिवा लावला. लॉन मोअरच्या पलीकडे, पालथ्या घातलेल्या बादलीवर, होणाऱ्या जावयाची आई बसली होती. अंगात निळा ड्रेसिंग गाऊन, पायात उल्हासचेच बागेतले बूट, मांडीवर शंकरपाळ्यांचा मोठा स्टीलचा डबा. दोन्ही गाल फुगलेले.

"मॉर्निंग, नोरा."

नोराने घास गिळला. "मॉर्निंग, उल्हास. झोप लागेना. म्हटलं, जरा मोकळी हवा घ्यावी."

"हो ना. मीही त्यासाठीच आलो."

गॅरेजचं दार घट्ट बंद होतं आणि आत पेट्रोलचा वास भरला होता. नोराची नजर उल्हासच्या पाठीमागे लपवलेल्या हाताकडे गेली. तिने मुकाट्याने डबा पुढे केला. त्याने मुकाट्याने लाडवाचा अर्धा भाग तोडून तिला दिला.

"वीणाला सांगणार नाही ना तुम्ही?" तिने विचारलं.

"तुम्ही सांगणार नसाल तर."

दोघांनी हात मिळवले. बेसन सांडलं. उल्हासने ते पायाने मोअरखाली सारलं.

उल्हास इंजिनिअर. पुरेसा डेटा नसताना निष्कर्ष काढायचा नाही, हा त्याचा बाणा. बाईला शंकरपाळी आवडली, एवढंच त्याने मनात टिपून ठेवलं. आवडली म्हणून माणूस अर्धा डबा संपवतो का, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही. स्वतःचा लाडू पचवण्यातच तो दंग होता.

*

शुक्रवारी, नोराला आणायला ओहेअर विमानतळावर निघण्याआधी, उत्तराने घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांना स्वयंपाकघरात ओळीने उभं केलं होतं. उत्तरा पंचवीस वर्षांची, शिकागोच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. माणसांना सरळ उभं करणं हा तिचा धंदाच.

"ओके, लिसन. डोनलची आई पहिल्यांदा आयर्लंडच्या बाहेर पडलीय. लहानसं गाव, आठ गाई, बाकी काही नाही. पंधरा दिवसांवर लग्न आलंय. तिला ओव्हरव्हेल्म करायचं नाही. जेवताना नो फोर्सिंग. एकदा विचारायचं. ती नाही म्हणाली की नाही."

"आग्रहच करायचा नाही?" सरलाआत्याने विचारलं. "अगं, मुलाची आई ती! विहीण! मग माणसाने जेवायचं तरी कसं?"

"भूक लागली की, आत्या. लाइक नॉर्मल पीपल."

आत्याने भावाकडे पाहिलं. भावाने सीलिंगकडे पाहिलं. वीणा मात्र लगेच म्हणाली, "बरोबर आहे उत्तराचं. वन्सं, इथे तशी पद्धत नाही."

वीणाचं हे बोलणं पंधरा वर्षांपूर्वीच्या एका जिलबीतून आलं होतं. एकाहत्तर साली शेजारच्या शर्लीने ताटावर आडवा हात धरलेला असताना वीणाने प्रेमाने वरून जिलबी सोडली होती. शर्लीच्या पांढऱ्या बाहीवर पाक ओघळला. शर्ली हसली नाही. "आय सेड नो, वीणा," एवढंच म्हणाली, आणि सोळा माणसं गप्प झाली. त्या दिवसापासून वीणाच्या घरात कुणाला दुसऱ्यांदा विचारलं गेलं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या बायका म्हणायच्या, वीणाकडे जेवायला जायचं ना, मग घरून काहीतरी खाऊन निघ गं बाई.

तर शुक्रवारी संध्याकाळी नोरा आली. डोनलची शिकागोतली खोली एवढीशी, म्हणून तिचा मुक्काम इकडे. बुटकी, गोल, गालांवर उन्हावाऱ्याची लाली, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला सोडा घालून भाजलेला घरचा पाव. त्याच्या पाठीवर सुरीने अधिकचं चिन्ह कापलेलं. वीणाने तो कौतुकाने घेतला आणि लग्नात सगळ्यांना मिळावा म्हणून फ्रीझरमध्ये ठेवला.

"चहा घेणार?"

"छे छे, मी अगदी ग्रँड आहे." ग्रँड म्हणजे तिच्या गावाकडे मजेत.

"बरं," म्हणून वीणाने किटली खाली उतरवली. रात्री मसालेभात. "नको गं, कशाला त्रास." बरं. शनिवारी सकाळी इडल्या, दुपारी थालीपीठ, संध्याकाळी उल्हासने खास ग्रिलवर भाजलेली कणसं. नको, नको, नको. बरं, बरं, बरं. नोराच्या पानात न विचारता जे आधीच वाढलेलं असे, चटणी, कोशिंबीर, तेवढंच ती खाई, चिमणीएवढं. उत्तरा आईला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "सी? किती रिलॅक्स्ड आहे ती." आणि आईला बरं वाटलं. गेल्या वर्षभरात लेकीने तिला शाबासकी दिलेली ही पहिलीच वेळ. डोनलचं नाव निघाल्यापासून दोघींमध्ये बोलणं कमी आणि दारं आपटणं जास्त झालेलं.

*

रविवारी नाश्त्याला कांदेपोहे होते.

नोरा टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसली होती. पोह्यांवरून वाफ येत होती, त्या वाफेत लिंबू होतं, खोबरं होतं, आणि पहाटेची शंकरपाळी पोटात कधीच विरून गेली होती.

"पोहे, नोरा?" वीणाने विचारलं.

"अगं नको. तू आपली बस."

वीणाचा डाव पातेल्यावर जरा थबकला. "शुअर?"

नोराने मनात मोजलं. दोन! दोनदा विचारलं! "हो हो, शुअर," ती घाईने म्हणाली, आणि मान किंचित पुढे काढून तिसऱ्याची वाट पाहत राहिली.

उत्तराने आईकडे डोळे मोठे केले. पातेलं पुढे गेलं.

नोरा हसत हसत मागच्या अंगणात गेली आणि तिथल्या बाकावर बसली. आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्याचा तिला रागही आला. ती काही लाडावलेली बाई नव्हती. सत्तावन्न वर्षांत उपास तिने पुष्कळ केले होते. पण तिच्या गावाकडे, क्लेअरमध्ये, स्वयंपाकघराचं मागचं दार दिवसभर उघडं असायचं. टकटक कुणी करत नसे. टकटक झाली तर पोस्टमन तरी नवा असावा नाहीतर कुणीतरी वारलं असावं. दलदलीतून कापून वाळवलेल्या काळ्या मातीच्या विटांचा विस्तव, वर कायम किटली. शेजारची मॉरीन यायची, "बसत नाही गं, घाईत आहे" म्हणायची, आणि दोन तास बसायची. चहा? नको. घे की! अगं खरंच नको. घेतल्याशिवाय जायचं नाहीस! बरं बाई, टेकवते घोटभर. पहिलं नाही रीतीचं. दुसरं नाही समोरच्याचं मन बघायला. तिसऱ्यांदा विचारलं की खुर्ची ओढायची, आणि मग नवे बटाटे, त्यांवर वितळणारं घरचं लोणी, सकाळचीच अंडी, आणि कुणाच्या गाईने कुणाच्या कुंपणाचं काय केलं ते साग्रसंगीत. ज्या घरात तिसऱ्यांदा विचारत नाहीत, त्या घराने दार लावून घेतलेलं असतं. एवढं तर लहान पोरालाही कळतं.

सरलाआत्या मेथीच्या वाफ्याला पाणी घालत होती. शनिवारी या दोघींची ओळख झाली होती, भाषा सोडून. नोराने पर्समधून गाईंचे फोटो काढले होते, आत्याने चारही सडांकडे निरखून बोटांनी "किती लिटर?" विचारलं होतं, आणि कोरेगावच्या आपल्या म्हशीची शिंगं हातवाऱ्यांनी इतकी मोठी काढून दाखवली होती की नोरा मागे सरकली होती.

आत्याने आता तिच्या तोंडाकडे पाहिलं. पाण्याची नळी खाली ठेवली.

"काय गं बाई?" तिने मराठीत विचारलं.

नोराने मान हलवली. "ग्रँड. ग्रँड."

"कसलं ग्रँड," आत्या पुटपुटली. जनावराचं आणि माणसाचं, दोघांचं पोट तिला लांबून कळायचं.

*

अकरा वाजता डोनल आला. तांबड्या केसांचा, सहा फुटी, पुलांची डिझाइनं करणारा मुलगा. या घरात जेवायला बसला की पहिल्या हाकेला हो म्हणायचा. सहा वर्षांत अमेरिकेने त्याला एवढं शिकवलं होतं. नोराने त्याला गाडीतून उतरूच दिलं नाही. खिडकीशी वाकून पाच मिनिटं बोलली आणि घरात बॅग भरायला गेली.

स्वयंपाकघरात केळवणाची तयारी चालली होती. पुरण वाटून झालेलं, आमटीला फोडणी पडलेली. उत्तरा दारातून आत आली तेव्हा तिचं तोंड पिठासारखं झालं होतं.

"ती उद्या चाललीय. परत. फॉर गुड."

"कोण?"

"डोनलची आई! म्हणते, माणसं चांगली आहेत पण त्यांना मी नको आहे. नको असलेल्या लग्नात मी बसणार नाही. आणि डोनल म्हणतो, तो एकुलता एक, आई नसेल तर तो लग्नाला उभा राहणार नाही. हॉल बुक झालाय! सकाळी चर्च, दुपारी अंतरपाट, एव्हरीथिंग!" तिने आईकडे वळून पाहिलं. "तू काय केलंस?"

"मी?" वीणाच्या हातातलं लाटणं थांबलं. "तू सांगितलंस तेच. शब्दशः."

"तुला हे लग्न नकोच होतं. तिला कळलं असणार ते. इट शोज, आई!"

हे थोडं खरं होतं, म्हणून फार लागलं. वीणाने लाटणं खाली ठेवलं. सरलाआत्या खुर्चीवरून म्हणाली, "आईला बोलू नकोस. या बाईचं काहीतरी दुखतंय, मी सकाळीच पाहिलं." गेलं वर्षभर लग्नाच्या विरुद्ध सगळ्यात मोठा आवाज आत्याचा होता, पत्रांतूनसुद्धा ऐकू यायचा, त्यामुळे आता तिघंही तिच्याकडे बघत राहिली.

उल्हासने घसा साफ केला.

"एक डेटा पॉइंट आहे," तो म्हणाला. "म्हणजे महत्त्वाचा असेलच असं नाही. पण आज पहाटे विहीणबाई गॅरेजमध्ये शंकरपाळी खात होत्या. अर्धा डबा."

वीणा नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही गॅरेजमध्ये काय करत होता?" वीणाने विचारलं.

"तो मुद्दा नाही."

"अहो, पहाटे गॅरेजमध्ये काय करत होता?"

"हवा... लाडू. एकच. अर्धाच! अर्धा त्यांना दिला!"

"विहीण!" सरलाआत्या उभी राहिली. "विहीण माझ्या भावाच्या घरात उपाशी! अंधारात बसून चोरून खातेय! उल्हास, आपल्या सात पिढ्यांत कुणी विहिणीला पाण्याचा पेलासुद्धा एकदाच विचारला नसेल रे!"

"पण तिने नो म्हटलं!" उत्तरा रडकुंडीला आली. "आय हर्ड हर! प्रत्येक वेळेला!"

वीणा मात्र पोळपाटाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर जिलबी नव्हती, शर्ली नव्हती. त्याच्याही आधीचं काहीतरी होतं.

"अडुसष्ट साली," ती हळू म्हणाली, "तुमच्या बॉसकडे थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला गेलो होतो आठवतंय? मला येऊन दोनच महिने झाले होते. बटाटे आले, मी म्हटलं नको. भोपळ्याचं गोड आलं, मी म्हटलं नको. आता परत विचारतील, मग घेईन. सगळं टेबल फिरून भांडी आत गेली. घरी येऊन मी ओट्याशी उभं राहून दहीभात खाल्ला. तुम्ही विचारलंत, तुला आवडलं नाही का तिथलं? मी रडत होते आणि तुम्हाला वाटलं मला पुण्याची आठवण येतेय."

"मग आठवण येत नव्हती?" उल्हासने विचारलं.

"भूक लागली होती!"

आणि वीणाला हसू आलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग पिठाचे हात तोंडावर धरून ती ओट्यावर वाकली. "बाई गं... दोन दिवस... मी तिच्या तोंडासमोरून... पोहे..." ते हसू आत्याला लागलं, उल्हासला लागलं. उत्तरा तेवढी उभीच होती.

"पण आई, परत परत विचारणं इज सो... तिला राग आला तर? तू चुकत असलीस तर?"

वीणाने डोळे पुसले. गालावर पिठाचा पट्टा उठला. "तर ती उद्या जाईल. आत्ताही उद्याच चाललीय. पानं मांड."

*

डायनिंग टेबलाभोवती आत्याने रांगोळी काढली, म्हणजे कार्पेटवर काढता येईना म्हणून टेबलावरच, पानाभोवती. नोराला मधल्या खुर्चीवर बसवलं. तिने प्रवासाचा तपकिरी सूट घातला होता, गुंड्या गळ्यापर्यंत लावून. डोनल तिच्या शेजारी, खाली मान घालून.

वीणा पुरणपोळीचं ताट घेऊन आली. पोळी टम्म फुगलेली, वर तूप. जावयाच्या आईला पोळी वाढण्यात घाबरण्यासारखं काय आहे, असं ती स्वतःला दटावत होती.

"नोरा, पुरणपोळी."

"नको गं. मी ग्रँड आहे."

उत्तराने टेबलाखाली डोनलचा हात धरला.

"एक घ्या. सकाळपासून तुमच्यासाठी करतेय."

नोराने वर पाहिलं. "खरंच नको. तू बस, दमलीस."

हे झालं दुसरं. वीणा उभी राहिली. पंधरा वर्षं तिने इथे पाऊल मागे घेतलं होतं. "बरं" हा शब्द जिभेवर तयार होता, नुसता सोडायचा होता. तिला शर्लीची बाही दिसली. उत्तराचं तोंड दिसलं. मग समोरच्या तपकिरी सुटातली बाई दिसली, किंचित पुढे काढलेली मान, आणि त्या मानेला वीणाने ओळखलं. अडुसष्ट सालची, तिची स्वतःची मान.

"नोरा," ती म्हणाली, "तुम्ही ही पोळी खाल्ल्याशिवाय मी तुम्हाला खुर्चीवरून उठू देणार नाही. आणि मी इथून हलणारही नाही. तूप गार होईल ते तुमच्या माथी."

नोराचं तोंड उघडं राहिलं. मग तिने सावकाश सुटाची वरची गुंडी काढली.

"बरं बाई," ती म्हणाली. "तू एवढं म्हणतेयस तर. अगदी थोडीशी."

पोळी पानात पडली. आत्याने देवाचं नाव घेतलं. ती थोडीशी पोळी चार घासांत संपली. दुसरीला नोराने तोंडापुरतं नको म्हटलं, तिसरीला तेही विसरली. मग आत्याला कुणी धरून ठेवणं शक्य नव्हतं. पदर खोचून, तुपाची वाटी घेऊन ती विहिणीच्या उजव्या अंगाला उभी राहिली आणि "माझ्या म्हशीची शपथ" घालून चौथी वाढली. नोराला भाषा कळली नाही, शपथ कळली. तिने क्लेअरच्या आठही गाईंची नावं घेऊन अर्धी पोळी परत आत्याच्याच तोंडात कोंबली.

"आई!" डोनल कपाळावर हात मारून म्हणाला. "तू दोन दिवस नाही म्हणत होतीस? इथे? सहा वर्षं झाली, मी विसरूनच गेलो गं!"

"मग काय करणार? पहिल्याच वेळेला हो म्हणू? माणसं काय म्हणतील मला!"

उत्तरा आईकडे बघत होती. "म्हणजे नो म्हणजे... आणि मग कधी नो म्हणजे नो असतो?"

"ते तोंडाकडे बघून कळतं," वीणा म्हणाली. "शिकशील. सासर तसलंच मिळालंय तुला."

सगळ्यांचं वाढून होईपर्यंत वीणाचं पान कोरडंच होतं. ते आधी नोराला दिसलं. "तू?" "मी मागून बसेन." "आत्ता बस." "भूकच नाही हो." नोराने शेजारच्या खुर्चीतून आपल्या मुलाला हाताने उठवलं, वीणाचा दंड धरून तिला तिथे बसवलं, आणि वीणाची आई गेल्यापासून तिला असं कुणी बसवलेलं नव्हतं, हे उल्हासला एकट्याला ठाऊक होतं. त्याने घाईने आमटी ओढली.

दुपारी दोनला फोन लावला. नोराच्या घरी फोन नव्हता, मॉरीनकडे होता. तिकडे संध्याकाळचे आठ, आणि जूनमधलं लख्ख ऊन असल्याने अर्धा गाव तिच्या स्वयंपाकघरात जमलेला. दोन्हीकडून इतक्या मोठ्याने बोलणं चाललं होतं की मध्ये समुद्रातल्या तारेची गरजच नव्हती.

"मॉरीन! मी लग्नानंतरच येतेय! तोवर गाईंकडे बघ!"

"बघते! पण माणसं कशी आहेत गं? नीट सांग! आम्ही इथे सगळे काळजीत!"

नोराने टेबलाकडे पाहिलं. आत्या तिच्या पानात भात वाढत होती. नोराने हातवारे करून नको नको म्हटलं, आणि आत्याने तिकडे साफ दुर्लक्ष केलं.

"काय सांगू तुला," ती फोनमध्ये ओरडली. "घसा सुकेपर्यंत नाही म्हणा, ऐकतच नाहीत ही माणसं!"

मग मॉरीनने फोनपासून तोंड वळवून गावाला दिलेली आरोळी नेपरव्हिलच्या डायनिंग रूममध्ये सगळ्यांना ऐकू आली.

"घर चांगलं आहे म्हणे!"